पुण्याहून स्टुटगार्ट, शिकागो आणि नागोया : मैल कुठे जमवावेत, तिकीट कोणत्या टोकाने काढावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते भोसरीत यंत्रांचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना चालवतात. वर्षातून चार वेळा त्यांना स्टुटगार्टच्या ग्राहकाकडे जावे लागते, एकदा शिकागोला आणि एकदा नागोयाला. ते स्वतः बिझनेस क्लासने जातात, सोबतचे दोन अभियंते इकॉनॉमीने. न्यू जर्सीत राहणाऱ्या त्यांच्या मेहुण्यांचा सल्ला असा की युनायटेड या अमेरिकी विमान कंपनीच्या मैल कार्यक्रमाचे सभासदत्व आणि त्यासोबतचे क्रेडिट कार्ड घेतले की वर्षाला एक फेरी फुकटात पडते. (मैल म्हणजे विमान कंपनी सभासदाला देते ते गुण, जे साठले की त्यांवर तिकीट काढता येते.) दुसरीकडे जर्मन ग्राहकाने त्यांना संगणकावर दाखवून दिले की तेच विमान आणि तोच वर्ग असूनही परतीचे तिकीट फ्रँकफर्टहून सुरू केले तर भाडे बरेच वेगळे येते. त्यामुळे सभासदत्व कोणाचे घ्यावे आणि तिकीट कोणत्या टोकाने काढावे, असे दोन प्रश्न त्यांनी विचारले आहेत. अभियंत्यांच्या प्रवासाचे मैल कोणाचे, हा तिसरा प्रश्न त्यांनी जाता जाता विचारला आहे, पण तो दिसतो तितका किरकोळ नाही.

कंपन्यांची तिकिटे काढण्याचे काम मी तेवीस वर्षे करत आहे, आधी मुंबईत फोर्टमधल्या एका एजन्सीत आणि नंतर पुण्यात कारखान्यांच्या ट्रॅव्हल डेस्कवर. या अनुभवावरून सांगतो की तुमचे पहिले दोन प्रश्न मुळात एकच आहेत. विमान कंपनी भाडे ठरवताना आणि मैल देताना तुम्हाला कोणत्या बाजारातले गिऱ्हाईक समजते, एवढेच त्यात शोधायचे आहे. मेहुण्यांचा सल्ला त्यांच्यासाठी बरोबरच आहे, पण तो अमेरिकेच्या बाजारातला आहे आणि तो उचलून भोसरीत आणला की त्यातला बराचसा अर्थ वाटेतच गळून जातो.

माझे उत्तर तीन गोष्टींवर अवलंबून आहे हे आधीच सांगतो. तुमच्या तारखा किती आधी ठरतात, चार फेऱ्या खरोखर चारच राहतात की मंदीच्या वर्षी दोनवर येतात, आणि तिकिटाचे पैसे कारखान्याच्या खात्यातून जातात की तुमच्या खिशातून, यांपैकी एखादी गोष्ट बदलली तरी शिफारस बदलू शकते. शिवाय या मैल कार्यक्रमांचे नियम कंपन्या वरचेवर बदलतात, त्यामुळे आकड्यांपेक्षा त्यांमागचे कारण लक्षात ठेवलेले अधिक उपयोगी पडेल.

आधी भाड्याकडे पाहू. विमानाचे भाडे अंतरावर ठरत नाही हे सर्वांना ठाऊक असते, पण ते प्रवास जिथून सुरू होतो त्या शहराच्या बाजारात ठरते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मुंबई–फ्रँकफर्ट–मुंबई आणि फ्रँकफर्ट–मुंबई–फ्रँकफर्ट ही कंपनीच्या दृष्टीने दोन वेगळी उत्पादने आहेत. दोन्हींची भाडी वेगवेगळी नोंदवलेली असतात, त्यांचे चलन प्रवास सुरू होणाऱ्या देशाप्रमाणे ठरते आणि त्यांचे हंगामही वेगळे असतात. भारतातून मे महिन्यातल्या सुट्या, ऑगस्ट-सप्टेंबरमधला विद्यार्थ्यांचा ओघ आणि दिवाळी यांवर भाडे चढते, तर जर्मनीतून नाताळ आणि तिथल्या शाळांच्या सुट्यांवर चढते. त्यामुळे कोणते टोक स्वस्त याला कायमचे उत्तर नाही, ते महिन्यागणिक बदलते. जर्मन संकेतस्थळावरून किंवा जर्मनीतल्या मित्राकडून तिकीट काढले म्हणून सहसा काही फरक पडत नाही. फरक पडतो तो पहिले उड्डाण कुठून होते यावर. अनेक जण संगणकावर देश बदलून बघत बसतात, तो बहुतेक वेळा वाया गेलेला वेळ असतो.

दुसरे कारण थेट उड्डाणाचे आहे. ज्या शहरातून कंपनी थेट उडते तिथल्या घाईच्या गिऱ्हाइकाकडून ती जास्त घेते आणि जिथल्या प्रवाशाला आपल्या शहरात आणून पुढे न्यायचे असते त्याला सूट देते, कारण त्या प्रवाशाला आणखी चार कंपन्यांचे पर्याय असतात. म्हणून फ्रँकफर्टकर जर्मन कंपनी लुफ्तान्साच्या थेट उड्डाणाला जे मोजतो, त्यापेक्षा ऑस्लो किंवा स्टॉकहोमहून त्याच विमानात येऊन बसणारा प्रवासी पुष्कळदा कमी मोजतो. यावर उपाय म्हणून काही जण शेवटचा टप्पा सोडून देतात. ऑस्लो–फ्रँकफर्ट–सिॲटल असे परतीचे तिकीट काढून येताना फ्रँकफर्टलाच उतरलेल्या एका प्रवाशावर लुफ्तान्साने २,११२ युरोंचा दावा लावला होता. बर्लिनच्या न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये तो फेटाळला आणि कंपनी अपिलात गेली. हा मार्ग मी माझ्या गिऱ्हाइकांना सुचवत नाही. शेवटचा टप्पा सोडला तर निदान प्रवास झालेला असतो, पण पहिला टप्पा सोडला तर पुढचे सगळे तिकीट आपोआप रद्द होते, आणि हे कळते ते विमानतळावर.

आखाती कंपन्यांचे भाडे कमी का आणि कुठे, तेही याच सूत्राने समजते. दुबई किंवा दोहा हे त्यांचे घर आहे, तर मुंबईहून जर्मनीला जाणारा प्रवासी त्यांना दोन्ही बाजूंनी बाहेरून ओढायचा असतो, म्हणून ते सूट देतात. पण सरकारी करारांमुळे त्यांचे हातही बांधलेले आहेत. भारत आणि दुबई यांच्यातल्या करारात आठवड्याला एका बाजूने सुमारे ६६ हजार आसनांची मर्यादा आहे, आणि जर्मनीत दुबईच्या एमिरेट्सला फ्रँकफर्ट, म्युनिक, हॅम्बुर्ग आणि ड्युसेलडॉर्फ एवढीच चार शहरे मिळाली आहेत. स्टुटगार्टची मागणी ती कंपनी वर्षानुवर्षे करत आहे. तुम्हाला नेमके स्टुटगार्टलाच जायचे असल्याने तिच्या स्वस्त भाड्यात पुढच्या रेल्वेचे दोन तास मिळवून हिशेब करावा लागेल. शिवाय त्यांचे सर्वांत स्वस्त बिझनेस भाडे नीट वाचा. एमिरेट्सने २०१९ मध्ये असे ‘स्पेशल’ भाडे आणले की ज्यात आसन तेच मिळते, पण लाउंज आणि घरापासूनची गाडी मिळत नाही. दोह्याच्या कतार एअरवेजच्या ‘लाइट’ भाड्याचा प्रकारही असाच आहे.

आता व्यवहारातली युक्ती सांगतो. वर्षाला चार फेऱ्या ठरलेल्याच असतील तर तिकिटे एकात एक गुंफता येतात. पहिल्यांदा मुंबई–फ्रँकफर्ट असे एकेरी तिकीट काढायचे. त्यानंतर फ्रँकफर्ट–मुंबई–फ्रँकफर्ट असे परतीचे तिकीट काढायचे, म्हणजे त्याचा पहिला भाग घरी येण्यासाठी आणि दुसरा भाग तीन महिन्यांनी पुन्हा जाण्यासाठी वापरला जातो. ज्या काळात जर्मनीकडून भाडे कमी असते त्या काळात यात मोठी बचत होते. अडचण एकेरी तिकिटाची असते, कारण लांब पल्ल्याचे एकेरी बिझनेस तिकीट परतीच्या निम्म्याहून बरेच महाग पडते. म्हणून ते पहिले एकेरी तिकीट जमलेल्या मैलांवर काढावे. मैलांचा माझ्या मते हाच सर्वांत हुशार उपयोग आहे, आणि सहलीसाठी मैल राखून ठेवणाऱ्यांना तो सुचत नाही. एकेरी तिकिटावर निघताना परतीच्या दुसऱ्या तिकिटाची छापील प्रत जवळ ठेवा. चेक-इनच्या खिडकीवरची मुलगी शेंगेन व्हिसा पाहून परतीचे तिकीट विचारणारच, आणि ते वेगळ्या पीएनआरवर (आरक्षण क्रमांकावर) असल्याने तिला तिच्या पडद्यावर दिसणार नाही. पण तुमच्या ग्राहकाच्या भेटीच्या तारखा दहा दिवस आधी ठरत असतील तर या गुंफणीच्या वाटेला जाऊ नका, कारण तारीख बदलण्याच्या शुल्कात बचत संपेल.

कर हा भाग लोक विसरतात. बिझनेस क्लासच्या तिकिटावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे, इकॉनॉमीवर तो ५ टक्केच आहे. दोन लाखांच्या मूळ भाड्यावर हा कर ३६,००० रुपये होतो. तिकीट कारखान्याच्या जीएसटी क्रमांकावर काढलेले असेल आणि प्रवास कामाचा असेल, तर या कराचे क्रेडिट घेता येते, म्हणजे तो कारखान्याने भरायच्या जीएसटीतून वजा करता येतो. चाकणच्या एका उद्योजकाचे कागद माझ्याकडे आले तेव्हा दिसले की कार्डाचे जास्त पॉइंट मिळतात म्हणून त्यांनी वर्षभराची सगळी तिकिटे मोबाइलवरून, स्वतःच्या नावावर, कंपनीचा क्रमांक न घालता काढली होती. पॉइंटांची किंमत मोजली तर ती बुडालेल्या कराच्या चौथ्या हिश्श्याइतकीही भरली नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरे काय! परदेशातून सुरू होणाऱ्या तिकिटावर कराचे काय होते ते मात्र तुमच्या सीएंना विचारून घ्या, कारण तिकीट कोण विकतो यावर ते बदलू शकते.

ब्रिटनहून तिकीट सुरू करणार असाल तर तिथल्या कराचीही नोंद ठेवा. लंडनहून सुरू होणाऱ्या प्रवासावर तिथे एअर पॅसेंजर ड्यूटी लागते आणि ती वर्गाप्रमाणे बदलते. एप्रिल २०२५ पासून भारताइतक्या अंतरासाठी इकॉनॉमीला ९० पौंड आणि त्यावरच्या वर्गांना २१६ पौंड असा तिचा दर होता. मैलांवर फुकट घेतलेल्या तिकिटालाही ती चुकत नाही. जर्मनीतला हवाई कर वर्ग पाहत नाही.

आता मैलांकडे वळतो. विमान कोणाचे आणि मैल कोणाकडे, हे दोन निर्णय वेगळे आहेत, ही पहिली गोष्ट नीट समजून घ्या. लुफ्तान्सा, एअर इंडिया, युनायटेड, सिंगापूर एअरलाइन्स आणि जपानची एएनए या सगळ्या स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहेत. लुफ्तान्साच्या विमानात बसून तुम्ही मैल सिंगापूरच्या क्रिसफ्लायरमध्ये जमा करू शकता किंवा एअर इंडियाच्या महाराजा क्लबमध्ये. तिकीट स्वस्त आणि सोयीचे असेल ते घ्या, मैल मात्र एकाच ठिकाणी साठवा. दर कंपनीचे कार्ड काढून प्रत्येकात आठ-दहा हजार मैल विखरून ठेवणारे पुण्यात मला रोज भेटतात, आणि त्यांना त्यातून कधीही काही मिळत नाही.

मेहुण्यांचा सल्ला तिकडे का चालतो ते पाहू. असे कार्यक्रम अमेरिकेतच वाढले. १९७८ साली तिथे विमान कंपन्यांवरचे भाड्याचे नियंत्रण उठले आणि १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने आणि पाठोपाठ युनायटेडने मैल द्यायला सुरुवात केली. तेव्हा उडालेल्या अंतराचे मैल मिळत. आज तो धंदा मुख्यतः कार्डांचा आहे. तिथे क्रेडिट कार्डाच्या प्रत्येक खरेदीवर दुकानदाराकडून बँकेला घसघशीत वाटा मिळतो, त्यावर कायद्याची मर्यादा नाही, आणि त्यातून बँक विमान कंपनीकडून मैल विकत घेते. २०२३ मध्ये डेल्टा या विमान कंपनीला अमेरिकन एक्स्प्रेस या कार्ड कंपनीकडून सुमारे ६.८ अब्ज डॉलर मिळाले. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, युनायटेडने आपला मैल कार्यक्रमच तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. अमेरिकन एअरलाइन्समध्ये तर २०२२ पासून कार्डावरचा खर्चही स्टेटससाठी, म्हणजे सिल्व्हर, गोल्ड अशा सभासदाच्या दर्जासाठी, मोजला जातो, म्हणजे फारसे न उडताही माणूस वरच्या पायरीवर जाऊ शकतो. मेहुण्यांचा किराणा, पेट्रोल आणि मुलांच्या शाळेचा खर्च हे सगळे मिळून त्यांची ती फुकट फेरी बनते. ती फेरी विमानातून आलेली नाही. अमेरिकेत पत नसताना ते कार्ड तुम्हाला मिळणार नाही आणि कार्डाविना तो कार्यक्रम तुमच्यासाठी लंगडा आहे. डेल्टा आणि युनायटेडने २०१५ मध्ये आणि अमेरिकनने २०१६ मध्ये स्वतःच्या उड्डाणांचे मैल अंतराऐवजी भाड्यावर द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून तर अधिकच.

युरोपात चित्र उलटे आहे. युरोपीय संघाने २०१५ मध्ये व्यक्तिगत क्रेडिट कार्डांवरच्या त्या बँकेच्या वाट्याला ०.३ टक्क्याची मर्यादा घातली, त्यामुळे तिथल्या बँकांकडे मैल वाटायला फारसे काही उरत नाही. तुमच्या जर्मन ग्राहकाला कार्डांच्या गप्पांमध्ये रस नसतो तो यामुळे. तिथला माणूस मैल मिळवतो ते उडून, आणि त्याला हवे असते ते स्टेटस. गंमत अशी की आपण भारतीय या बाबतीत युरोपपेक्षा अमेरिकेच्या जवळ आहोत. आपल्याकडे क्रेडिट कार्डाच्या या वाट्यावर तशी मर्यादा नाही, म्हणून एचडीएफसी, ॲक्सिस, अमेरिकन एक्स्प्रेस यांच्या काही वरच्या कार्डांचे पॉइंट क्रिसफ्लायरसारख्या कार्यक्रमांत बदलून घेता येतात. मात्र बँक खात्यातून केलेल्या यूपीआयवर दुकानदाराला शुल्क नसल्याने तिथे पॉइंट मिळायला जागाच नाही. कारखान्याचा कच्चा माल, विमा आणि जाहिरात यांतले जे काही कार्डावर भरता येते ते भरून मैल वाढवणे, हा भारतातला खरा मार्ग आहे.

यानंतरचा भाग मी जरा सावकाश सांगतो, कारण तुमचा निर्णय यावरच फिरतो. खर्चण्याचे मैल आणि स्टेटससाठीचे गुण ही दोन वेगळी खाती आहेत आणि कंपन्या ती वेगवेगळ्या नियमांनी भरतात. ब्रिटिश एअरवेजने एप्रिल २०२५ पासून स्वतःच्या उड्डाणांचे स्टेटसही थेट खर्चावर नेले. कर वगळून एका पौंडाला एक गुण मिळतो आणि गोल्डसाठी असे २०,००० गुण लागतात. लंडनच्या वित्तसंस्थेतल्या माणसाला हे दोन-चार फेऱ्यांत जमते, पण भारतातून सुरू होणारे तुलनेने स्वस्त तिकीट काढणाऱ्याला तेच विमान, तीच खुर्ची आणि तोच वेळ देऊनही कमी गुण मिळतात. लुफ्तान्साने २०२४ पासून स्टेटससाठी जी पद्धत आणली तिच्यात उड्डाण खंडांतर्गत आहे की खंडाबाहेरचे आणि वर्ग कोणता, एवढेच पाहतात. म्हणजे फ्रँकफर्टच्या कंपनीने दुप्पट भाडे दिले आणि तुम्ही मुंबईहून निम्म्यात आलात, तरी स्टेटसचे गुण दोघांना सारखेच. भारतीय प्रवाशासाठी हा फरक सोन्यासारखा आहे.

एअर फ्रान्स आणि केएलएमच्या फ्लाइंग ब्लूमध्ये ही दोन्ही खाती शेजारी शेजारी दिसतात, म्हणून तिथला हिशेब मांडून दाखवतो. खर्चण्याचे मैल तिथे २०१८ पासून भाड्यावर मिळतात, नव्या सभासदाला युरोमागे ४ आणि प्लॅटिनमला ८. समजा कर वगळून तुमचे भाडे २,००० युरो आहे, तर नव्या सभासदाला ८,००० मैल मिळतील. अंतरावर मैल देणाऱ्या एखाद्या कार्यक्रमात, जिथे बिझनेसला १२५ टक्के मिळतात तिथे, एका बाजूला सुमारे ४,१०० मैल असलेल्या मुंबई–फ्रँकफर्टच्या जाऊन-येऊन फेरीला १०,२५० मिळाले असते. तुमच्या अभियंत्याच्या ५०० युरोंच्या इकॉनॉमी तिकिटाला फ्लाइंग ब्लू २,००० देईल, तर अंतराचा कार्यक्रम निम्म्या दरानेही ४,१०० देईल. स्वस्त तिकिटावर दूर जाणाऱ्याला अंतर फायद्याचे, महाग तिकिटावर जवळ जाणाऱ्याला भाडे फायद्याचे. स्टेटसचे खाते मात्र फ्लाइंग ब्लूमध्ये भाडे पाहतच नाही. मुंबई–ॲमस्टरडॅमला बिझनेसमध्ये ३० गुण, पुढे ॲमस्टरडॅम–स्टुटगार्टला १५, म्हणजे जाऊन-येऊन ९०. सिल्व्हरला १०० आणि त्यानंतर गोल्डला आणखी १८० लागतात. तुमच्या चार फेऱ्यांचे ३६० होतात, म्हणजे गोल्ड होऊन ८० शिल्लक राहतील. चारऐवजी दोनच फेऱ्या झाल्या तर सिल्व्हरवर थांबाल, म्हणून मी सुरुवातीलाच फेऱ्यांचा आकडा पक्का करायला सांगितले. त्या ॲमस्टरडॅम–स्टुटगार्टच्या बिझनेस क्लासकडून आसनाची अपेक्षा मात्र ठेवू नका. युरोपांतर्गत बिझनेस म्हणजे इकॉनॉमीचीच रांग आणि शेजारची रिकामी ठेवलेली खुर्ची.

जपानचा रंग आणखी निराळा आहे. तिथे एएनएच्या ‘सुपर फ्लायर्स’ कार्डासाठी लोक ठरवून वर्षभर उडतात, कारण एकदा आवश्यक गुण मिळवून ते कार्ड घेतले की पुढे फारसे न उडताही लाउंजसारख्या सोयी टिकतात. या खटाटोपाला ते ‘शुग्यो’ म्हणतात, म्हणजे साधूची तपश्चर्या! सुटीच्या दिवशी टोकियोच्या हानेदा विमानतळावरून ओकिनावा बेटाला जायचे आणि लगेच दुसऱ्या विमानाने परत यायचे, समुद्राला पायही न लावता. तिथल्या विमान कंपन्या भागधारकांना देशांतर्गत भाड्यात सवलतीची कुपने देतात आणि ती स्टेशनाजवळच्या छोट्या दुकानांत उघड विकली जातात. नागोयाच्या तुमच्या एका फेरीसाठी यातले काही उपयोगाचे नाही, पण जपानी सहकाऱ्याने त्याच्या कार्डाचे कौतुक केले तर ते कशाचे फळ आहे हे तुम्हाला कळेल.

पूर्वेकडच्या कार्यक्रमांची एक खोड ध्यानात ठेवा. क्रिसफ्लायर आणि एएनएचे मैल साधारण तीन वर्षांनी संपतात, मग तुम्ही मधल्या काळात कितीही उडा. अमेरिकेत डेल्टा आणि युनायटेडचे मैल संपत नाहीत, तर ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासचे मैल अठरा महिन्यांत खात्यात काहीच हालचाल झाली नाही तरच जातात. मी स्वतः, लोकांना शहाणपण शिकवणारा, एका पूर्वेकडच्या कंपनीत साठवलेले ६२,००० मैल ‘मुलीच्या लग्नानंतर युरोपला जाऊ’ म्हणत ठेवून दिले होते. लग्न झाले आणि मैल त्याच्या दोन महिने आधी गेले. दोष सर्वस्वी माझा होता. याच्या जोडीला फुकट तिकिटावर कंपनी स्वतःचा अधिभार किती लावते तेही पाहा. सिंगापूर एअरलाइन्स स्वतःच्या विमानांवर क्रिसफ्लायरच्या मैलांनी तिकीट काढताना २०१७ पासून इंधन अधिभार लावत नाही, एअर कॅनडाच्या एरोप्लॅननेही २०२० मध्ये असे अधिभार बंद केले. युरोपातल्या काही कंपन्यांत मात्र मैल देऊनही वर भरावी लागणारी रक्कम पाहून वाटते की आवळा देऊन कोहळा काढून घेतला.

तिसरा प्रश्न अभियंत्यांच्या मैलांचा. मैल उडणाऱ्या माणसाच्या नावावर जमा होतात, पण ते त्याचे की मालकाचे याचे उत्तर देशागणिक वेगळे आहे. जर्मनीच्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने २००६ मध्ये म्हटले की कामाच्या प्रवासाचे मैल मालक कामासाठी वापरायला सांगू शकतो. अमेरिकेच्या कर खात्याने २००२ मध्ये जाहीर केले की अशा मैलांवर कर्मचाऱ्याकडून कर वसूल करणार नाही, आणि मैल कर्मचाऱ्याचे हीच तिथली रीत झाली. नॉर्वेत तर देशांतर्गत उड्डाणांवर मैल देण्यालाच २०१३ पर्यंत बंदी होती, कारण त्यामुळे नव्या कंपन्यांना स्पर्धेत उतरता येत नाही असे तिथल्या अधिकाऱ्यांना वाटत होते. आपल्याकडे सरकारी कर्मचाऱ्यांनी सरकारी प्रवासाचे मैल सरकारी प्रवासासाठीच वापरावेत असा नियम आहे, खासगी कारखान्यात मात्र मालक जे लिहून ठेवील ते. माझा सल्ला असा की मैल अभियंत्यांना ठेवू द्या. महिनाभर घराबाहेर राहणाऱ्या माणसाला तेवढे तरी मिळावे, आणि शिवाय तुमच्या कारखान्यासाठी वेगळी सोय आहेच. एअर फ्रान्स-केएलएमचे ब्लूबिझ, सिंगापूरचे हायफ्लायर, एमिरेट्सचे बिझनेस रिवॉर्ड्स यांसारख्या योजनांत त्याच तिकिटावर कंपनीलाही वेगळे गुण मिळतात, प्रवाशाचे न कापता. भोसरीतल्या दहा कारखान्यांत विचारले तर नऊ जणांनी ही नोंदणी केलेली नसते, आणि तिला पैसे पडत नाहीत. देशांतर्गत प्रवासासाठी इंडिगो आणि एअर इंडियाची लघुउद्योगांसाठीची भाडीही मागून घ्या. भाडे थोडे चढे असते, पण जेवण मिळते आणि तारीख बदलणे सोपे जाते.

आता तुमच्या बाबतीत मी काय करीन ते सांगतो. तुमची तिन्ही शहरे स्टार अलायन्सच्या जाळ्यात नीट बसतात, म्हणून वर्षभर तारखा साधारण ठरलेल्या असतील तर मी लुफ्तान्साचे किंवा लुफ्तान्सा-एअर इंडिया असे मिश्र तिकीट पाहीन आणि सगळे मैल लुफ्तान्साच्याच माइल्स अँड मोअरमध्ये टाकीन, कारण तिथे स्वस्त भाड्यालाही स्टेटसचे गुण पूर्ण मिळतात. कार्डाचे पॉइंट मात्र क्रिसफ्लायरमध्ये, आणि तेही मैलांवरचे तिकीट उपलब्ध दिसल्यावरच, आधी नाही. एअर इंडियाने एप्रिल २०२४ मध्ये भाड्यावर आधारित पद्धत आणली आणि पुढे कार्यक्रमाचे नाव महाराजा क्लब ठेवले. तुमचा देशांतर्गत प्रवास त्याच कंपनीने फार असेल तर तो पर्याय विचारात घेण्याजोगा आहे. वेळेपेक्षा भाडे महत्त्वाचे असेल आणि ॲमस्टरडॅममार्गे जाणे चालत असेल तर वर मांडलेला फ्लाइंग ब्लूचा हिशेब तुमच्या बाजूने आहे, फक्त नागोयाची फेरी त्या जाळ्यात अवघड जाते.

युनायटेडचे सभासदत्व न घेण्याचे आणखी एक कारण मेहुण्यांना ऐकून नवल वाटेल. स्टार अलायन्सचे गोल्ड तुम्ही युनायटेडच्या कार्यक्रमातून मिळवले असेल तर अमेरिकेतल्या निव्वळ देशांतर्गत प्रवासात तुम्हाला युनायटेडच्या लाउंजमध्ये प्रवेश मिळत नाही. तेच गोल्ड लुफ्तान्सा किंवा एअर इंडियाचे असेल तर मिळतो. शिकागोत दोन दिवस राहून पुढे डेट्रॉइटला जाल तेव्हा तिथल्या ओहेअर विमानतळावर तुमचे परदेशी कार्ड तिथल्या माणसाच्या कार्डापेक्षा सरस ठरेल.

पुढचे तिकीट पक्के करण्याआधी ई-तिकिटावर विमान क्रमांकाशेजारी छापलेले एक अक्षर बघा. लुफ्तान्साच्या बिझनेसमध्ये जे, सी, डी, झेड किंवा पी यांपैकी काहीतरी असेल. त्याला बुकिंग क्लास म्हणतात, आणि दुसऱ्या कंपनीच्या कार्यक्रमात मैल टाकायचे असतील तर किती टक्के मिळतील हे त्या एका अक्षरावर ठरते, पुष्कळदा पी आणि जे यांत मोठे अंतर असते. ते अक्षर, प्रवासाचे दोन महिने आणि कारखान्याचे कार्ड कोणत्या बँकेचे आहे, एवढे कळवलेत तर मुंबईकडून आणि फ्रँकफर्टकडून असे दोन्ही टोकांचे भाडे करासकट शेजारी शेजारी मांडून दाखवता येईल.